दुसरी शेड कोणाच्या भरवशावर?

आजच्या पालघर जिल्ह्यातले तारापूर आणि हद्दीपलीकडे गुजरातमधले उंबरगाव या पट्ट्यात कापड विणणारे पुष्कळ कारखाने आहेत. २००८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम, जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांचे सहकारी या कारखान्यांत आले. प्रश्न साधा होता : कारखाना चालवण्याची पद्धत सुधारली तर धंदा खरोखर वाढतो का? १७ कंपन्यांचे २८ कारखाने त्यांनी अभ्यासाला घेतले. प्रत्यक्ष प्रयोगात आलेल्या सगळ्या कारखान्यांची महिनाभर तपासणी झाली. त्यांतल्या काहींना पुढचे चार महिने एका बड्या सल्लागार कंपनीची माणसे फुकट मिळाली; बाकीच्यांना मिळाली नाहीत.

कारखाने चालू होते, नफ्यातही होते. पण गोदामात सुताच्या पोत्यांवर नंबर नाही, हत्यारे जिथे टाकली तिथे पडलेली, यंत्राला तेलपाणी होणार ते बिघाड झाल्यावरच. सल्लागारांनी जगावेगळे काही केले नाही. सूत नंबराप्रमाणे आणि रंगाप्रमाणे लावून घेतले, कुठला माग किती वेळ आणि कशाने बंद पडला याची रोज नोंद ठेवायला लावली, मॅनेजर आणि सुपरवायझर यांची रोजची छोटी बैठक सुरू केली, चांगल्या कामाला बक्षीस ठेवले. पहिल्या वर्षातच उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. तीन वर्षांच्या आत या कंपन्यांनी इतरांपेक्षा जास्त नवे कारखाने काढले.

या अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मात्र सल्लागारांशी संबंधित नाही, आणि लघुउद्योगाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. एखाद्या कंपनीचे किती कारखाने असतील, हे कशावरून सांगता येते? कारखाना किती चांगला चालवला जातो, यावरून नव्हे. मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती आहेत, यावरून ते सर्वांत नेमके सांगता येत होते. दोन भाऊ असतील तर दोन कारखाने, तिसरा मुलगा हाताशी आला की तिसऱ्याचा विचार. घरातली माणसे संपली की विस्तार थांबला. बाहेरचा मॅनेजर नेमलेला असे. पण माणूस घ्यायचा, पगार वाढवायचा, सुटा भाग विकत आणायचा, तर विचारायचे मालकाला. चोरीची भीती हे मालकांचे कारण होते आणि ते खोटे नव्हते. सूत, कापड, सुटे भाग बाहेर काढणे सोपे असते, आणि चोर सापडला तरी खटला वर्षानुवर्षे लोंबकळतो.

संशोधक २०१७ साली पुन्हा तिथे गेले. सुरू करून दिलेल्या नव्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या बंद पडल्या होत्या. तरीही ज्यांना मदत मिळाली नव्हती त्यांच्यापेक्षा हे कारखाने बरेच पुढे होते. बंद का पडल्या, याच्या कारणांत पद्धती शिकलेला मॅनेजर नोकरी सोडून गेला हे एक मोठे कारण निघाले, आणि मालकाला लक्ष घालायला वेळ नव्हता हे दुसरे. म्हणजे सुधारणा कारखान्याच्या अंगवळणी पडलीच नव्हती. ती एका माणसाच्या डोक्यात होती आणि तो जाताना ती बरोबर घेऊन गेला.

तारापूरच्या या कंपन्यांत सरासरी पावणेतीनशे माणसे होती. आपल्याकडचा नेहमीचा लघुउद्योग याच्या कितीतरी खाली असतो. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१५-१६ साली शेतीबाहेरच्या, कंपनी म्हणून नोंद नसलेल्या उद्योगांची मोजणी केली. देशभर ६३३.८८ लाख उद्योग, त्यांत काम करणारे ११.१० कोटी लोक. महाराष्ट्रात असे ४७.७८ लाख उद्योग. भागाकार केला तर एका उद्योगामागे दोन माणसेसुद्धा येत नाहीत. यांतल्या सुमारे ८४ टक्के उद्योगांत कायमचा पगारी माणूस एकही नव्हता. मालक, त्याची बायको, फार तर मुलगा.

छोटा असणे हा दोष नाही. प्रत्येक उद्योग लहानच सुरू होतो. चिंता वाटते ती त्यांच्या वयाची. चँग-ताय श्ये आणि पीटर क्लेनाव या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिका, मेक्सिको आणि भारत इथले कारखाने वयाप्रमाणे लावून पाहिले. अमेरिकेत चाळीस वर्षे टिकलेल्या कारखान्यात नव्या कारखान्याच्या सातपटीहून जास्त माणसे असतात. भारतात आणि मेक्सिकोत तेवढ्याच काळात माणसे जेमतेम दुप्पट होतात. २०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालाने दहा वर्षांहून जुन्या पण शंभराच्या आत कामगार असलेल्या कारखान्यांचा वेगळा हिशेब मांडला. संघटित कारखानदारीत संख्येने ते निम्मे आहेत, पण रोजगारात त्यांचा वाटा सुमारे १४ टक्के आणि मूल्यवर्धनात ८ टक्क्यांहून कमी. टिकले आहेत, पण वाढलेले नाहीत.

का वाढत नाहीत, असे विचारले की पहिले उत्तर येते कायदा. त्यात तथ्य आहे. कामगारांची संख्या ठरावीक आकड्याला पोचली की नवा कायदा लागू होतो. दहा माणसे झाली की कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) आणि ग्रॅच्युइटी, वीस झाली की भविष्यनिर्वाह निधी. शंभर झाली की कामगार कमी करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी, असे कित्येक वर्षे होते. अमृत अमिरापू आणि मायकेल गेक्टर यांनी आर्थिक गणनेतले आकडे तपासले तेव्हा दहाच्या उंबरठ्यावर उद्योगांची संख्या एकदम घसरताना दिसली. नऊ माणसांवरून पुढे जायला लोक कचरतात. त्यांच्या अंदाजाने या उंबरठ्यापलीकडे प्रत्येक माणसामागचा खर्च ३५ टक्क्यांनी चढतो. एवढी वाढ नुसत्या वर्गणीने होत नाही. जिथे भ्रष्टाचार जास्त, तिथे हा बोजा जास्त, असेही त्यांना आढळले. मालकाला छळतात ते इन्स्पेक्टरच्या फेऱ्या, रजिस्टरांचे ढीग आणि त्यांच्याभोवतीचा व्यवहार.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहाऐवजी वीस कामगारांवर गेली, परवानगीची अट शंभरावरून तीनशेवर गेली. तेव्हा कायद्याचे कारण आता तितके जड राहिलेले नाही. पण त्या कारणाने लावलेली सवय अजून तशीच आहे.

ती सवय औद्योगिक वसाहतीत सगळ्यांना माहीत आहे. मस्टरवर आठ माणसे दाखवायची, बाकीची ठेकेदाराच्या नावावर. धंदा वाढला की पत्नीच्या नावाने दुसरी फर्म काढायची, शेजारचाच गाळा घ्यायचा आणि मध्ये भिंत ठेवायची. वरवर पाहता पैसे वाचतात. मोजले तर दोन जीएसटी नंबर, दोन हिशेब, दोन्हीकडे अर्धवट वापरलेली यंत्रे, आणि बँकेत कर्ज मागायला गेले की दोन्ही ताळेबंद दुबळे. शिवाय जो माणूस मस्टरवर नाही त्याला इथे थांबायचे काही कारण उरत नाही.

राज्य विम्याचे उदाहरण घ्यावे. पंधरा हजार पगाराच्या कामगारामागे मालकाची वर्गणी ३.२५ टक्के, म्हणजे महिना ४८७ रुपये ५० पैसे. कामगाराची ०.७५ टक्के, म्हणजे ११२ रुपये ५० पैसे. त्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात, आणि आवश्यक वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम. राज्य विम्याचे दवाखाने आणि तिथल्या रांगा यांबद्दल तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. तरीही हजार रुपये जास्त देणाऱ्या शेजारच्या शेडमध्ये जाण्याआधी ज्या गोष्टी माणूस मनात तोलतो, त्यांत राज्य विम्याचे कार्ड असते. पाचशे रुपयांच्या आत एवढे वजन पारड्यात टाकणारी दुसरी गोष्ट लघुउद्योजकाकडे क्वचितच असेल.

कायदा बाजूला ठेवला तरी माणूस आणायचा कुठून, हा प्रश्न राहतोच. छोट्या कारखान्यात भरती ओळखीने होते. गेटवर ‘हेल्पर पाहिजे’ असा बोर्ड लागतो, पण बोर्ड वाचून आलेल्यापेक्षा फिटरचा भाचा आधी आत येतो. यात सोय आहे. भाचा कामावर आला नाही तर मामाला विचारता येते. मुंबईच्या गिरण्यांत हेच काम जॉबर करत असे. माणसे गावाहून तो आणायचा, खात्यात तोच लावायचा आणि त्याबद्दल त्यांच्याकडून पैसेही घ्यायचा. १९३१ साली कामगारविषयक शाही आयोगाने या भरतीवर कडक टीका केली. ओळखीच्या भरतीत ओळखीचेच लोक येतात. एका गावचे, एका जातीचे, एका भाषेचे. त्या वर्तुळाबाहेर उत्तम कारागीर असला तरी मालकाला त्याचा पत्ता लागत नाही.

मग माणूस घ्यायला पैसे दिले तर? श्रीलंकेत हा प्रयोग झाला. अगदी छोट्या उद्योगांना नवा माणूस घेण्यासाठी काही महिने पगारात अनुदान दिले. अनुदान होते तोवर माणसे घेतली गेली. ते संपल्यावर रोजगार, विक्री, नफा, कशावरही टिकणारा परिणाम राहिला नाही. घानामध्ये मॉर्गन हार्डी आणि जेमी मॅककॅसलँड यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी रोख मदत दिलीच नाही. बेरोजगार तरुणांना छोट्या उद्योगांत शिकाऊ म्हणून नेमले, पण नेमणुकीपर्यंत पोचायचे तर तरुणांना खेपा घालाव्या लागत, वेळ द्यावा लागे. ज्याला खरोखर काम शिकायचे आहे तोच तिथवर टिकत असे. अशा प्रत्येक नेमणुकीमागे उद्योगाचा नफा साधारण १० टक्क्यांनी वाढला.

दोन देश, दोन वेगळे प्रयोग. त्यांची सरळ तुलना करणे धाडसाचे होईल. पण त्यातून एक दिशा दिसते. छोट्या मालकाला पगाराचा भार सोसतो. सोसत नाही तो चुकीचा माणूस निघण्याचा धोका. मोठ्या कंपनीत शंभरात पाच माणसे चुकली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पाच माणसांच्या शेडमध्ये एक चुकला तर एक पंचमांश कारखाना चुकला.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ सालापासून आहे. तीस किंवा जास्त माणसे असतील तर शिकाऊ घेणे सक्तीचे, आणि चार ते एकोणतीस माणसांच्या उद्योगाला ते ऐच्छिक. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलते. छोटे उद्योजक याकडे स्वस्त मजूर मिळण्याची सोय म्हणून पाहतात, तिथे त्यांचे नुकसान होते. आयटीआयमधून आलेल्या मुलाला वर्षभर झाडू मारायला आणि जॉब उचलून ठेवायला लावले तर वर्षाअखेरीस त्याच्याबद्दल काही कळलेले नसते, आणि तोही काही शिकलेला नसतो. खरे तर ते वर्ष माणूस पारखण्यासाठी मिळालेले असते.

पारख झाली, माणूस लागला. पुढचा प्रश्न तो टिकण्याचा, आणि त्याच्याबरोबर त्याच्या हातातले काम टिकण्याचा.

भोसरी-चाकणकडे जॉबवर्क करणाऱ्या एखाद्या सीएनसी शॉपचे उदाहरण घेऊ. मोठ्या वाहनकंपनीच्या पुरवठादाराला बुश किंवा शाफ्ट करून द्यायचे, असे काम. यंत्रावर दोन प्रकारची माणसे. ऑपरेटर जॉब चकमध्ये पकडतो, दार लावतो, बटण दाबतो, मायक्रोमीटर लावून माप बघतो. सेटर प्रोग्राम लावतो, टूल बसवतो, ऑफसेट (मापातली दुरुस्ती) देतो. कापता कापता इन्सर्टची धार झिजते आणि माप काही मायक्रॉनने सरकते. किती जॉबनंतर किती ऑफसेट द्यायचा, कुठल्या मालाला इन्सर्ट लवकर बदलायचा, सकाळी थंड यंत्रावर पहिले दोन-तीन जॉब का मापाबाहेर जातात, हे सेटरला अनुभवाने कळते. पुष्कळ शेडमध्ये हे कुठेही लिहिलेले नसते. सेटर गावी गेला की मालक स्वतः यंत्रावर उभा राहतो. मालक यंत्रावर उभा राहिला की ग्राहकाचे फोन, बिले, थकलेली वसुली मागे पडते. आठवड्याने सेटर परत येतो तोवर रिजेक्शनचा ट्रे भरलेला असतो. आणि सेटर परत आलाच नाही तर?

अशा वेळी मालक ठरवतो की वाढायला नको. तिसरे यंत्र घेण्याइतके काम आलेले असते, बँक कर्ज द्यायला तयार असते. पण तिसऱ्या यंत्राला दुसरा सेटर लागणार आणि एकालाच सांभाळता सांभाळता नाकी नऊ आलेले असतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, या माणसाला महत्त्वाकांक्षा नाही.

यावरचा उपाय खर्चिक नाही, चिकाटीचा आहे. प्रत्येक जॉबसाठी एक सेटिंग शीट यंत्राशेजारी लावणे, दर शिफ्टला दिलेले ऑफसेट वहीत उतरवणे, आणि दोन ऑपरेटरांपैकी चलाख असेल त्याला आठवड्यातून एक दिवस सेटरच्या हाताखाली सेटिंग करायला लावणे. सेटर याला सहज तयार होत नाही, आणि त्याचेही बरोबर आहे. हे ज्ञान हीच त्याची पत आहे. ते वहीत उतरले की आपली किंमत उतरेल, ही भीती त्याला वाटते. म्हणून ज्याने दुसरा सेटर तयार केला त्याचा पगार वाढेल, हे आधी बोलावे लागते आणि नंतर पाळावेही लागते. जिथे मालकाने हे पाळले नाही तिथे वही चार पानांनंतर कोरी असते.

इचलकरंजीत माणूस टिकवण्याची जुनी रीत वेगळी आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि त्यातून सगळे शहर उभे राहिले. मागावरचा कामगार, जॉबर, कांडीवाला, वहिफणीवाला, दिवाणजी अशी कामाची उतरंड आहे. मजुरी विणलेल्या कापडावर, पिकाच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, हिशेबाने. माणूस बांधून ठेवण्यासाठी मालक उचल देतो. लग्न, दवाखाना, घराची दुरुस्ती अशा गरजेला कामगार ती घेतो आणि मजुरीतून फेडतो. फिटेपर्यंत तो तिथेच राहील, हा हिशेब. पण शेजारच्या मालकाला माणसाची निकड असली की तो जास्त उचल देतो. त्यातून जुनी फेडून कामगार तिकडे जातो. दोन्ही मालकांचे भांडवल सुतात किंवा मागात न जाता उचलीत अडकते. कामगाराच्या डोक्यावर कर्ज वाढते आणि हातातले कसब मात्र होते तिथेच राहते. अडीनडीला धावून येणारा मालक ही गोष्ट मोलाची आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण उचलीने माणूस थांबतो, वाढत नाही. आणि ज्याच्याकडची माणसे वाढत नाहीत त्याला साध्या मागावरून आधुनिक शटललेस मागावर जाणे फार कठीण पडते, कारण तो माग चालवणारा हात त्याच्याकडे तयार झालेला नसतो.

इथवर बोलणे झाले ते यंत्रावरच्या माणसांचे. धंदा दहा-बाराच्या पुढे गेला की वेगळ्याच माणसाची गरज भासू लागते. हिशेब बघणारा, बाजार बघणारा, मालक नसताना निर्णय घेणारा. इथे आपल्याकडे एक समज पक्का आहे की मालकाला सगळे आले पाहिजे. सरकारी आणि खासगी उद्योजकता प्रशिक्षणेही त्याच समजावर चालतात. मालकाला वर्गात बसवा, ताळेबंद शिकवा, मार्केटिंग शिकवा. नायजेरियात स्टीफन अँडरसन आणि वर उल्लेख आलेले डेव्हिड मॅकेन्झी यांनी या समजाची परीक्षा घेतली. काही छोट्या उद्योजकांना प्रशिक्षण दिले, काहींना सल्लागार दिले, काहींना हिशेबाचा किंवा विक्रीचा जाणकार माणूस नोकरीवर ठेवायला मदत केली आणि काहींना ते काम बाहेरच्या व्यावसायिकाकडे सोपवायला. दोन वर्षांनी पाहिले तर जाणकार माणूस ठेवणारे आणि काम बाहेर सोपवणारे, दोघेही वर्गात शिकलेल्यांच्या पुढे होते. सल्लागाराइतका फायदा त्यांना निम्म्या खर्चात झाला होता.

महाराष्ट्राला हे नायजेरियातून शिकायची गरज नव्हती, कारण त्याचा नमुना कुंडलच्या माळावर शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर बनवू लागले. तिथली जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी जमीन आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि १९१० साली कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसली. नांगराची कथा सगळ्यांना माहीत असते. त्या नांगरामागची माणसे कशी निवडली, ही कथा कमी सांगितली जाते. वसाहतीची आखणी आणि कारभार भाऊ रामूअण्णांकडे होता, एवढे घरातले. हिशेब मंगेशराव रेग्यांकडे, यंत्रकाम शंभोराव जांभेकरांकडे. अनंतराव फळणीकरांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिलेले, पण यंत्रातली कल्पकता अशी की लक्ष्मणरावांनी त्यांच्यावर जबाबदारीची कामे टाकली. वसाहतीची राखण तर दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेल्या माणसांकडे होती.

हा भाबडेपणा नव्हता. प्रत्येकाला एक नेमके काम आणि त्या कामापुरता पूर्ण अधिकार दिला होता. नांगर विकले जाईनात त्या सुरुवातीच्या दिवसांत जी माणसे जोडली गेली, त्यांच्यामुळेच विक्री वाढली तेव्हा मालकाला प्रत्येक खात्यात स्वतः उभे राहावे लागले नाही. घरातल्या माणसांच्या संख्येवर कारखान्याची मर्यादा ठरली असती, तर किर्लोस्करवाडीचे नाव कुंडलच्या पंचक्रोशीबाहेर गेले नसते.

विश्वासाचा प्रश्न याहून वेगळ्या रीतीने सोडवणारेही मुंबईत झाले. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती महिलांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. हेच लिज्जत. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम थांबवावे लागले. पुढच्या वर्षी खाट आणि शेगडी घेऊन तो प्रश्न त्यांनी सोडवला. तीन महिन्यांत पंचवीसेक जणी झाल्या, तिसऱ्या वर्षापर्यंत तीनशेच्या वर. गच्ची पुरेना. कुठल्याही धंद्यात इथे मोठी जागा भाड्याने घेतली असती आणि मुकादम नेमला असता. त्यांनी मळलेले पीठ बायकांच्या घरी पाठवले.

वरवर हा जागेचा उपाय दिसतो, पण मूळ निर्णय माणसांचा होता. पीठ एका ठिकाणी मळायचे, त्यामुळे चव एकच राहते. सकाळी पीठ न्यायचे आणि आदल्या दिवशीचे लाटलेले पापड द्यायचे. वजन, जाडी, स्वच्छता तपासली जाते आणि लाटण्याची मजुरी हातात पडते. नफा आणि तोटा सगळ्यांत वाटला जातो, कारण पापड लाटणारी प्रत्येक जण संस्थेची सभासद आणि मालकीण आहे. कारभार बघणाऱ्या संचालिकाही सभासदांमधूनच येतात. ज्या चोरीच्या भीतीने तारापूरच्या मालकांनी दुसऱ्याच्या हाती कारभार दिला नाही, ती भीती इथे मुळातूनच ढिली पडली. घरी नेलेले पीठ आपलेच होते. सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. १९६१ साली मालाडला काढलेली शाखा चालली नाही. पण आज सभासदांची संख्या चाळीस हजारांच्या पुढे आहे, आणि पापड अजूनही हातानेच लाटला जातो.

प्रत्येक छोट्या उद्योजकाने सहकारी संस्था काढावी, असे यातून निघत नाही. सीएनसी शॉप गच्चीवर चालत नाही आणि शाफ्ट घरी नेऊन कापता येत नाही. लिज्जतकडून घेण्यासारखे आहे ते असे की कोणते काम एका जागी ठेवायचे, कोणते सोपवायचे, सोपवलेले कधी आणि कसे तपासायचे आणि चांगल्या कामाचा वाटा कोणाला, हे धंदा लहान असतानाच ठरले होते. आपल्याकडच्या बहुतेक शेडमध्ये हे ठरवायची वेळ येते ती मालक आजारी पडल्यावर.

नव्या संहितांनी एक छोटी गोष्ट सर्वांना सक्तीची केली आहे : नियुक्तिपत्र. पाच माणसांच्या उद्योगात आजवर ते क्वचितच दिले गेले. ‘उद्यापासून ये’ एवढ्यावर नोकरी लागत असे. बरेच मालक आता सनदी लेखापालाकडून एक छापील नमुना आणतील, सही घेतील आणि फायलीत ठेवतील. तसे झाले तर एक चांगली संधी वाया जाईल. सेटर म्हणून घेतलेल्या माणसाच्या पत्रात पगार, कामाचे तास, रजा आणि भविष्यनिर्वाह निधी एवढेच लिहिले, तर कायद्याचे काम भागते. त्याच्यापुढे मालकाने स्वतःहून तीन-चार ओळी घालाव्यात. रोजचे कोणते निर्णय हा माणूस एकटा घेईल. इन्सर्ट, तेल, पट्टा अशी किती रुपयांपर्यंतची खरेदी तो न विचारता करेल. आकडा सुरुवातीला दोन हजारांचा असला तरी चालेल, दर तिमाहीला बिले बघून तो वाढवता येतो. वर्षभरात त्याने कोणाला तयार करायचे आणि ते झाल्यावर पगारात किती वाढ. तो रजेवर असताना त्याचे काम कोणाकडे.

या ओळी लिहायला बसले की अडखळायला होते, कारण त्यांतल्या निम्म्या गोष्टी मालकाने स्वतःशीही कधी ठरवलेल्या नसतात. त्यामुळे हे पत्र लिहायला एक संध्याकाळ पुरत नाही. आधी हिशेबनिसाचे लिहावे, मग सेटरचे, मग माल पाठवणाऱ्याचे. तीन पत्रे पुरी झाली की तिसऱ्या यंत्राचे कोटेशन मागवायला हरकत नाही.